सत्र आणि प्रवेशनीती : क्लाउड डेटाबेसमधील चालू सत्रांचा तौलनिक विचार

१

आदिपर्वातील सर्पसत्राची कथा भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. तिच्यातील एका लहानशा तपशिलाकडे मात्र येथे लक्ष वेधावयाचे आहे. यज्ञभूमीची आखणी होत असतानाच वास्तुविद्या जाणणाऱ्या एका सूताने भाकीत केले, की हे सत्र एका ब्राह्मणाच्या निमित्ताने अपुरे राहील. ते ऐकून जनमेजयाने दीक्षा घेण्यापूर्वीच द्वारावरील अधिकाऱ्यास आज्ञा दिली, की आपणांस ठाऊक नसलेल्या कोणासही आत सोडू नये. पुढे आस्तीक आला. द्वारपालांनी त्याला अडविलेही. परंतु स्तुतीच्या बळावर त्याने प्रवेश मिळविला, राजाकडून वर घेतला आणि सत्र थांबविले. त्या वेळी तक्षक अंतराळात अधांतरी होता.

या आज्ञेत कोणास अडवावयाचे ते स्पष्ट होते. आत आलेल्या माणसाची पुन्हा केव्हा विचारपूस करावयाची, आणि चालू सत्र मध्येच थांबले तर अर्धवट राहिलेल्या कृतीचे काय करावयाचे, यांविषयी ती काहीच बोलत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हेच मौन आहे. मात्र ते यज्ञसंस्थेतील नसून, आज आपल्या संशोधनाची साधने जेथे साठविली जातात त्या क्लाउड डेटाबेसमधील आहे.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे, असे वाटण्याचा संभव आहे. तथापि हस्तलिखितांच्या सूच्या, पाठभेदांचे तक्ते, कोशकार्याच्या नोंदी आणि भाषिक नमुन्यांचे संग्रह आता कपाटातून डेटाबेसमध्ये गेले आहेत. ते दुसऱ्याच्या यंत्रावर, दूरच्या शहरात असतात आणि अनेक विद्यापीठांतील माणसे एकाच वेळी त्यांवर काम करतात. तेव्हा त्या दाराचे नियम कसे चालतात, हे समजून घेणे अभ्यासकाच्या कामाचाच भाग ठरतो.

प्रस्तुत लेखकास या प्रश्नाची जाणीव एका अनुभवातून झाली. काही मध्ययुगीन पाठांच्या सामाईक सूचीचे काम तीन शहरांतून चालले होते. मूळ प्रतींची वर्णने एका डेटाबेसमध्ये आणि पाठभेदांच्या नोंदी दुसऱ्या डेटाबेसमध्ये, अशी विभागणी होती. यजमान संस्थेने एका दुपारी दोन्हींकडे कोणकोणत्या ठिकाणांहून येता येईल याची यादी आखडती घेतली. मी अतिथिगृहातून काम करीत होतो. तीन तास पडद्यावर भरलेल्या नोंदी एकदम पाठवू लागलो, तेव्हा दुसऱ्या डेटाबेसने त्या नाकारल्या. त्याच वेळी, ज्याची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती असा एक साहाय्यक पहिल्या डेटाबेसमध्ये आपल्या घरून निर्वेधपणे काम करीत होता. त्याचे सत्र यादी बदलण्यापूर्वी सुरू झालेले होते. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. राहिलेली टिपणे तो पुरी करीत होता इतकेच. परंतु आज्ञा एक, दिवस एक आणि परिणाम मात्र नेमके उलटे, हे कोडे उरलेच.

२

विवेचनापूर्वी काही संज्ञांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. इंग्रजीतील सेशन या शब्दासाठी मराठीत 'सत्र' हा शब्द रूढ झाला आहे. अनेक दिवस चालणारा सोमयाग हा त्याचा मूळ अर्थ. पुढे अन्नसत्र, चर्चासत्र, महाविद्यालयाचे सत्र आणि सत्र न्यायालय अशा अनेक वाटांनी तो आपल्या व्यवहारात आला. डेटाबेसच्या संदर्भात सत्र म्हणजे वापरकर्त्याची ओळख पटल्यापासून त्याचा निरोप होईपर्यंतचा अखंड संबंध. या काळात डेटाबेस त्याला ओळखून असतो व त्याच्या मागण्या एका सूत्रात धरतो.

'जोडणी' ही त्याहून वेगळी गोष्ट होय. जोडणी म्हणजे दोन यंत्रांमधील प्रत्यक्ष दळणवळणाची वाट. काही डेटाबेसमध्ये सत्र आणि जोडणी एकरूप असतात. वाट तुटली की सत्र संपले. अन्य काहींमध्ये सत्र हे एका परवान्याच्या रूपाने जगते आणि प्रत्येक मागणी तो परवाना दाखवून स्वतंत्रपणे येते. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

तिसरी संज्ञा 'प्रवेशनीती'. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो. कोणत्या पत्त्यांवरून येणाऱ्यांस घ्यावे आणि कोणत्या पत्त्यांवरून येणाऱ्यांस परतवावे, याची यादी म्हणजे प्रवेशनीती. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ही नीती माणूस कोण आहे ते पाहत नाही, तो कोठून बोलतो आहे ते पाहते. ओळख पटविण्याचे काम परवलीच्या शब्दाचे, आणि आत काय करता येईल हे ठरविण्याचे काम अधिकारांचे. या तीन गोष्टींची गल्लत झाल्यास पुढचे काहीच उलगडत नाही.

३

पहिला प्रकार दारावरच्या तपासणीचा. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस त्याचे उत्तम उदाहरण होय. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून तो वाढला आणि १९९६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. पीजी-एचबीए नावाच्या एका फाइलमध्ये त्याचे प्रवेशनियम ओळीने लिहिलेले असतात. नवी जोडणी आली की डेटाबेस ही यादी वरून खाली वाचतो. जी पहिली ओळ लागू पडते तिच्यानुसार निर्णय होतो. त्या ओळीने नकार दिल्यास पुढची ओळ पाहिली जात नाही.

ही यादी बदलून डेटाबेसला ती पुन्हा वाचावयास सांगितले, तर नवा नियम नव्या जोडण्यांना लागू होतो. आधी आत आलेल्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. याचे कारण रचनेत आहे. पोस्टग्रेसक्यूएल प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया चालू करतो. प्रवेशाचा प्रश्न त्या प्रक्रियेच्या जन्माच्या वेळी एकदाच विचारला जातो. नंतर ती प्रक्रिया तास दोन तास चालो की चार दिवस चालो, तिला कोणी पुन्हा तो प्रश्न विचारीत नाही. आतल्या माणसास बाहेर काढावयाचे असल्यास व्यवस्थापकाने चालू सत्रांची यादी पाहून ते विशिष्ट सत्र वेगळी आज्ञा देऊन संपवावे लागते. दार बंद करणे आणि माणसाला बाहेर नेणे ही येथे दोन स्वतंत्र कर्मे आहेत.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अधिकारांच्या बाबतीत याहून सूक्ष्म भेद आढळतो. एखाद्याचे एखाद्या तक्त्यावरील अधिकार बदलले, तर तो बदल त्याच्या पुढच्याच मागणीला लागू होतो. एखाद्या संपूर्ण डेटाबेसवरील अधिकार बदलले, तर तो डेटाबेस त्याने पुन्हा निवडला की बदल जाणवतो. सर्वव्यापी अधिकार बदलले, तर चालू जोडणी अबाधित राहते आणि बदल पुढच्या जोडणीपासून लागू होतो. म्हणजे एकाच घरात तीन घड्याळे तीन निरनिराळ्या वेळा दाखवितात.

४

दुसरा प्रकार दाराच्याही अलीकडे, रस्त्यावरच्या तपासणीचा. क्लाउडमध्ये भाड्याने घेतलेल्या डेटाबेसच्या बाबतीत वर सांगितलेली फाइल बहुधा ग्राहकाच्या हाती नसते. नियम सेवा पुरविणाऱ्याच्या नेटवर्कमध्ये लिहावे लागतात. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या नेटवर्कमध्ये अशी दोन साधने आहेत आणि ती एकमेकांहून स्वभावाने भिन्न आहेत.

पहिले सिक्युरिटी ग्रुप. याला स्मरण असते. एकदा परवानगी मिळालेली जोडणी तो लक्षात ठेवतो. म्हणून नियम काढून टाकला तरी, ज्या जोडण्या त्याच्या स्मरणात आहेत त्या सामान्यतः तशाच चालू राहतात. नियम फार मोकळे असले, म्हणजे दोन्ही दिशांनी सर्वांना मुभा असली, तर जोडण्या लक्षातच ठेवल्या जात नाहीत; अशा वेळी नियम काढताच त्या तुटतात. दुसरे साधन नेटवर्क एसीएल. त्याला स्मरण नाही. येणारा आणि जाणारा प्रत्येक संदेश तो जणू प्रथमच पाहतो. त्यामुळे त्यातील बदल चालू जोडण्यांनाही लगेच बाधतो.

हे दुसरे साधन कठोर आहे, म्हणून ते निर्दोष आहे असे नव्हे. रस्ता निमूटपणे बंद झाला तर डेटाबेसला आपला पाहुणा गेल्याचे कळतच नाही. तो पुढच्या मागणीची वाट पाहत राहतो. समोरचे यंत्र जिवंत आहे की नाही याची पहिली चौकशी लिनक्सवर, अन्य काही योजना केलेली नसल्यास, २ तासांनी होते. पाहुण्याने एखाद्या नोंदीला कुलूप लावून ठेवले असेल, तर तोवर ते कुलूप तसेच राहते आणि इतरांना त्या नोंदीत बदल करता येत नाही. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये अशा निष्क्रिय व्यवहारांना कालमर्यादा घालण्याची सोय २०१६ मधील ९.६ या आवृत्तीपासून आहे. परंतु ती आपोआप लागू नसते, व्यवस्थापकाने लावावी लागते. जो निघून गेला आहे त्याच्या नावे आसन अडलेले, अशी ही अवस्था होय.

५

तिसरा प्रकार प्रत्येक मागणीच्या तपासणीचा. स्नोफ्लेक ही २०१२ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची सेवा आरंभापासून क्लाउडसाठीच रचलेली आहे. तेथे सत्र हे अखंड जोडणीवर अवलंबून नसते. वापरकर्ता एकदा ओळख पटवून परवाना मिळवितो आणि त्यानंतरच्या मागण्या वेबच्या सर्वपरिचित मार्गानेच सुट्यासुट्या जातात. मागणी सुटी असल्यामुळे तिची तपासणीही सुटी करता येते.

म्हणून तेथे प्रवेशनीती लागू केल्यावर जो आधीच आत आहे, परंतु ज्याचा पत्ता आता यादीबाहेर गेला आहे, त्याला पुढील क्वेरी चालविता येत नाही. त्याचा परवाना खोटा ठरलेला नसतो, परवलीचा शब्दही बदललेला नसतो. तो जेथून बोलतो ती जागा अमान्य झालेली असते. नीती संपूर्ण खात्याला लावता येते, तशी एकेका वापरकर्त्यालाही लावता येते. दोन्ही असल्यास वापरकर्त्याची विशिष्ट नीती खात्याच्या सामान्य नीतीवर मात करते. मीमांसकांना सामान्य आणि विशेष यांचा हा न्याय अपरिचित नाही. एकच पत्ता मान्य आणि निषिद्ध अशा दोन्ही याद्यांत आला, तर निषेध प्रबळ ठरतो. नुसती नीती लिहून ठेवल्याने काही होत नाही. ती लागू करावी लागते. आणि लागू करणाऱ्याचा स्वतःचाच पत्ता मान्य यादीत नसेल, तर सेवा ती आज्ञा स्वीकारीत नाही. राजाने स्वतःलाच मंडपाबाहेर कोंडून घेऊ नये, यासाठीची ही योजना.

नीती तत्काळ लागू होते असेही सर्वत्र गृहीत धरता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझूर एसक्यूएल डेटाबेसमध्ये प्रवेशनियमांतील बदल अमलात येण्यास ५ मिनिटांपर्यंत विलंब लागू शकतो. आज्ञा आणि अंमल यांच्यामधील ही फट लहान आहे. परंतु एखादा संग्रह उतरवून घेण्यास पाच मिनिटे पुष्कळ होतात.

आता आरंभीचे कोडे उलगडते. ज्या डेटाबेसमध्ये साहाय्यक निर्वेधपणे वावरत होता तो पहिल्या प्रकारचा होता. ज्याने माझ्या नोंदी नाकारल्या तो तिसऱ्या. संस्थेची आज्ञा एकच होती. परंतु एका ठिकाणी प्रश्न प्रवेशाच्या वेळी विचारला जात होता आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक वाक्याच्या वेळी.

६

यांतील कोणता प्रकार श्रेष्ठ, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्याचे एकच उत्तर देणे योग्य होणार नाही, कारण धोके दोन्ही बाजूंना आहेत.

केवळ दारावर भिस्त ठेवण्यातील धोका असा, की ज्याला काढावयाचे तो आतच राहतो. प्रवेशनीतीच नसणे तर त्याहून घातक. २०२४ मध्ये स्नोफ्लेकच्या अनेक ग्राहकांच्या खात्यांतून माहिती चोरली गेली. मँडियंट या सुरक्षासंस्थेने त्या वर्षीच्या जूनमध्ये दिलेल्या वृत्तान्तानुसार सुमारे १६५ संस्थांना धोक्याची सूचना देण्यात आली होती. चोरांनी भिंत फोडली नव्हती. पूर्वी चोरलेले परवलीचे शब्द वापरून ते दारातूनच आत गेले. बाधित खात्यांत दुहेरी ओळखतपासणी नव्हती, काही शब्द वर्षानुवर्षे बदललेले नव्हते आणि मान्य पत्त्यांची यादीही लावलेली नव्हती. परका मनुष्य योग्य शब्द उच्चारून आला तर तो कोठून आला हे विचारणारे तेथे कोणी नव्हते.

उलटपक्षी, प्रत्येक मागणी तपासणाऱ्या व्यवस्थेत प्रामाणिक अभ्यासकाची कुचंबणा होते. आपल्याकडील परिस्थितीत ती विशेष जाणवते. विद्यापीठाच्या आवारातील शेकडो यंत्रे बाहेरून एकाच पत्त्याने दिसतात. मोबाइल सेवेवर तर एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले ग्राहक एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेतात, आणि तो पत्ताही बदलत राहतो. ग्रंथालयाच्या वायफायवरून फोनच्या नेटवर्कवर गेलेला संशोधक तोच असतो, त्याचे सत्र तेच असते; परंतु त्याची जागा बदलते आणि व्यवस्था त्याला परका ठरविते. त्याच्या सोयीसाठी मोबाइलचा पत्ता यादीत घालावा, तर त्याच्याबरोबर अनेक अनोळखी माणसांनाही ती मुभा मिळते. गावोगाव फिरून बोलींचे नमुने गोळा करणाऱ्यास ही अडचण रोजची आहे. विभागप्रमुखाच्या खोलीतील यंत्रास ती कधीच भासत नाही. म्हणजे पत्त्यावर आधारलेली नीती वरकरणी निःपक्षपाती दिसली, तरी स्थिर आसनावर बसलेल्याला ती अनुकूल आणि फिरत्याला प्रतिकूल असते.

दोन्ही प्रकारांत अर्धवट राहिलेल्या कामाचा प्रश्न सामाईक आहे. डेटाबेसच्या परिभाषेत एकत्र सिद्ध व्हावयाच्या कृतींच्या समूहास व्यवहार म्हणतात. तो एक तर पूर्ण होतो, नाही तर झालाच नाही असे मानले जाते. सत्र मध्येच संपविले की पोस्टग्रेसक्यूएल अपुरा व्यवहार मागे घेतो. संग्रहाच्या शुद्धतेसाठी हे आवश्यक आहे; दोन पाठभेद नोंदले आणि तिसरा राहिला, अशी सूची नसलेली बरी. परंतु ज्याने तो व्यवहार तीन तास चालविला त्याच्या हाती काहीच उरत नाही. तक्षकाला अधांतरी राहण्याची तरी सोय होती. डेटाबेसमधील अपुऱ्या व्यवहाराला ती नाही.

७

या विवेचनातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात.

व्यवस्थापकाने नीती बदलण्यापूर्वी त्या क्षणी आत कोण आहेत ते पाहावे. बदल प्रथम एकाच वापरकर्त्यावर करून पाहावा. ज्या डेटाबेसमध्ये तपासणी दारावरच होते तेथे क्रम असा असावा : आधी नवा नियम, मग चालू सत्रांची यादी, मग आतल्यांना सूचना आणि मुदत, आणि शेवटी सत्रसमाप्ती. हा क्रम उलटा केल्यास, बाहेर काढलेला मनुष्य नियम बदलण्याच्या आत पुन्हा प्रवेश करतो. चोरीचा संशय असेल तेव्हा सूचना व मुदत अर्थातच गाळावी लागेल. फिरत्या संशोधकांसाठी संस्थेने स्वतःची व्हीपीएन वाट ठेवावी, म्हणजे त्यांचा पत्ता कोठूनही एकच राहील. संकटकाळी व्यवस्थापकाला आत येता यावे यासाठी एक राखीव मार्ग असावा आणि तो कोणाच्या हाती आहे हे लेखी असावे.

अभ्यासकाने आपल्या बाजूने लहान लहान व्यवहार करावेत. दिवसभराचे काम एका दमात पाठविण्यापेक्षा प्रत्येक पानाअखेर ते पक्के करावे. उठताना सत्र रीतसर संपवावे. पडदा मिटला म्हणजे सत्र संपले असे मानू नये. स्नोफ्लेकमध्ये, वेगळी योजना नसल्यास, निष्क्रिय सत्रही ४ तासांपर्यंत जिवंत राहते.

याहून महत्त्वाची गोष्ट संस्थांच्या करारपत्रांविषयीची आहे. सामाईक संग्रहांच्या करारांत प्रवेश कोणास द्यावा यावर पुष्कळ कलमे असतात. नीती बदलली असता जे आत आहेत त्यांचे काय, हे एका कलमात तरी लिहिलेले असावे : सूचना कोण देईल, मुदत किती मिळेल, अपुऱ्या कामाचा निवाडा कोण करील आणि मुदत संपलेल्या सदस्याचे सत्र कोण मिटवील. यंत्राच्या रचनेने या प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवलेली असतात. आपण ती विचारपूर्वक निवडली नाहीत तर रचनेने दिलेले उत्तर हीच आपली नीती ठरते, मग ते आपल्या मनात असो वा नसो.

भारतीय भाषांचे सामाईक संग्रह येत्या काळात वाढतच जाणार आहेत आणि त्यांवर काम करणारी माणसे एका ठिकाणी असणार नाहीत. अशा वेळी दाराची चर्चा केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. कोणास आत घ्यावे याबरोबरच, तो प्रश्न केव्हा केव्हा विचारावा, हेही संग्रहाची जबाबदारी घेणाऱ्यांनी ठरविले पाहिजे, इतकेच या लेखातून सुचवावयाचे आहे.